प्रेमानंद पेंटरचं एकच चिनी अक्षर

आमच्या नागपूरच्या इंदोऱ्यात चिनी लिहिता येणारा माणूस एकच, प्रेमानंद पेंटर, आणि त्यालाही अक्षर येतं ते एकच. लोक हे हसून सांगतात. मला हसू येत नाही. ते अक्षर तो कसा शिकला आणि शिकून त्याचं काय झालं, हे मी त्याच्या घरात बसून पाहिलं आहे.

मी त्याची कुणी नाही, शेजारीण आहे. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाले तरी गल्ली मला अजून सिस्टरच म्हणते आणि बीपी मोजून घ्यायला दार वाजवते. रडक्या गोष्टी सांगायची मला हौस नाही, नोकरीत पोटभर पाहिल्या. पण वस्तीत ही गोष्ट चुकीची सांगतात. म्हणतात, बापानं पोटची पोर धम्माला दिली, केवढा त्याग. त्याग-बिग काही नव्हता. तो माणूस फसला, आणि कोणीही फसवलं नसताना फसला.

प्रेमानंद हातानं पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यावर त्याच्या बरोबरीच्या पेंटरांनी ऑटो घेतले, कोणी पानठेला टाकला. हा ब्रश धरूनच राहिला. आता बसनं बुटीबोरीला जातो आणि कारखान्यांच्या भिंतींवर 'हेल्मेट वापरा', 'धूम्रपानास मनाई' असं लिहून येतो. पण एके काळी कामठी रोडवरचा कुठलाही चायनीजचा ठेला याच्या हाताशिवाय उभा राहत नसे. 'चायनीज' हा शब्द तो असा लिहायचा की प्रत्येक काना सुरीसारखा टोकदार आणि 'च'ला मिशा. शिवाय ठेल्याच्या दोन्ही बाजूंना मनानंच चिनी अक्षरं ठोकून द्यायचा, आडव्या-उभ्या रेघा आणि वर एखादं टिंब. धर्मेंद्र ठेलेवाल्यानं एकदा विचारलं की यात लिहिलं काय आहे, तर हा गंभीर तोंड करून म्हणाला, सूप गरम आहे, सांभाळून प्या. धर्मेंद्र वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगत होता.

त्याची बायको सुभद्रा घरी शिलाई करते. साडीला फॉल-पिको, शाळेचे गणवेश, ब्लाउज. बोलते कमी, पण मशीनच्या आवाजावरून तिचं डोकं तापलंय का शांत आहे ते मला भिंतीपलीकडून कळतं. आणि एकुलती एक मुलगी, दीक्षा. दिसायला बापासारखी, स्वभावानं आईसारखी. बी.ए. झाल्यावर विहारात ओळख झालेल्या एका भिक्षुणींच्या शब्दावर तिला तैवानच्या एका विहाराच्या विद्यालयात प्रवेश मिळाला. राहणं, जेवण, भाषा, बौद्ध धर्माचा अभ्यास, सगळं तिथंच. तीन वर्षांचा कोर्स होता. विमानतळावर सुभद्रा रडली नाही, प्रेमानंद रडला. कोर्स संपला की पोरगी इथल्या युनिव्हर्सिटीत पाली शिकवेल, अशी त्यानं आधीच वस्तीभर पाटी लावून टाकली होती.

रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मी चहाला असायचेच, कारण दीक्षाला मी पोलिओचे डोस पाजलेले आहेत आणि तिच्यावर माझा थोडा हक्क आहे असं मला वाटतं. एका रविवारी प्रेमानंद तिला म्हणाला, आयुष्यभर खोटी चिनी अक्षरं काढली, आता एक तरी खरं शिकव. ती हसली. थोडा विचार केला आणि एका कागदावर मोठं अक्षर काढून फोनसमोर धरलं.

家

"चिया," ती म्हणाली. "म्हणजे घर."

प्रेमानंद लगेच पाटी, ब्रश आणि निळा रंग घेऊन बसला. सवयीप्रमाणे त्यानं खडूचा दोरा ताणून आधी वरची रेघ मारली. देवनागरी लिहिणारा पेंटर दुसरं काय करणार, आधी शिरोरेघ, मग तिला अक्षर टांगायचं. दीक्षा तिकडून ओरडली की बाबा, हे अक्षर लटकत नाही, हे चौकोनात बसतं, आणि आधी वरचं टिंब काढा, मग छप्पर. टिंब, छप्पर, आणि छपराखाली डाव्या बाजूला झुकणारे पाय. ते पाय डुकराचे आहेत असं तिनं सांगितलं. जुन्या काळी तिकडे छपराखाली डुक्कर असलं की ते घर. हे ऐकून सुभद्रानं मशीन थांबवलं आणि म्हणाली की आपल्या नाल्यावरची डुकरं मोकळीच फिरतात, म्हणजे चिनी हिशोबानं आपण सगळे बेघर. त्या दिवशी आम्ही फार हसलो.

तो महिनाभर तेच अक्षर काढत होता. कोपऱ्यात उरलेल्या प्लायच्या तुकड्यांवर, बुटीबोरीहून आणलेल्या रंगाच्या डब्यांच्या झाकणांवर, मीटरच्या पेटीवर. पहिली काही अक्षरं कललेली होती, मग सरळ झाली, मग दीक्षाला तिकडे शिकवणाऱ्या बाईंनी फोनमध्ये पाहून मान डोलावली. दर रविवारी ती त्याला त्याच अक्षराचा एक नवा उपयोग सांगायची. दुसरं अक्षर शिकायला तो तयार नव्हता. म्हणायचा, आधी एक तर पुरं येऊ दे. 'चिया'नंतर 'माणूस' लिहिला की घरची माणसं. आधी 'मोठं' लिहिलं की मोठं घर नाही, तर 'सगळेजण'. हे त्याला फार पटलं. आधी 'परतणं' लिहिलं की हुइ-चिया, घरी परत येणं. एकदा तिनं सांगितलं की चित्र काढणाऱ्याला तिकडे चित्र आणि घर अशी दोन अक्षरं जोडून म्हणतात, हुआ-चिया, आणि तुम्ही तेच आहात बाबा. त्या आठवड्यात प्रेमानंद गल्लीतून चालायचा तेव्हा त्याची मान जरा मागे असायची. मी त्याला 'काय हुआ-चिया' अशी हाक मारायचे आणि तो 'ओ' द्यायचा.

दाराच्या चौकटीवर त्यानं ते अक्षर ऑइलपेंटनं पक्कं काढलं. खाली मराठीत काही लिहिलं नाही. पोस्टमनसुद्धा पत्ता सांगताना 'चिनी अक्षरवालं घर' म्हणू लागला.

आता मला आमच्या लोकांचा एक रिवाज सांगावा लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या विहारांमध्ये श्रामणेर शिबिरं होतात. मुलांचे केस काढतात, चीवर देतात, पहाटे उठवून ध्यान, वंदना, एक वेळ जेवण. आईबाप आपल्याच पोराच्या पाया पडतात, कारण अंगावर चीवर आहे. दहा-बारा दिवसांनी चीवर विहारात परत, पोरगं जीन्स घालून घरी, आणि केस येईपर्यंत डोक्यावर टोपी. आमच्या वस्तीत घरटी कोणी ना कोणी श्रामणेर होऊन आलेला आहे. प्रेमानंद स्वतः झाला होता. परत आल्यावर पहिलं काम त्यानं सावजीचं मटण मागितलं, अशी त्याची आई सांगायची. आता मुलींचीही शिबिरं होतात. दीक्षा नववीत असताना गेली होती आणि आठवडाभरात वजन कमी करून आली होती. तर श्रामणेरी होणं ही आमच्यासाठी चांगली, कौतुकाची आणि संपणारी गोष्ट.

कोर्सच्या तिसऱ्या वर्षी दीक्षानं एका रविवारी सांगितलं की तिला श्रामणेरी व्हायचं आहे आणि त्यासाठी आईवडिलांची परवानगी लागते. प्रेमानंदला आनंदच झाला. किती दिवस, हे त्यानं विचारलं नाही. इथं कोणीच विचारत नाही. पुढच्या कॉलला तिच्या शेजारी तपकिरी चीवरातल्या एक वयस्क भिक्षुणी बसल्या होत्या. त्यांनी चिनीत विचारलं, दीक्षानं मराठीत सांगितलं, तुमची मुलगी श्रामणेरी होते आहे, तुम्ही दोघं राजी आहात का. प्रेमानंद हात जोडून म्हणाला की आमच्या घरात सगळ्यांनीच केलं आहे, आनंदानं परवानगी आहे. सुभद्रानंही मान हलवली. त्या भिक्षुणी उठल्या आणि त्या दोघांसमोर खूप वेळ वाकून राहिल्या. प्रेमानंद मला नंतर म्हणाला, तिकडचे लोक किती नम्र असतात.

दीक्षाचं श्रामणेरी होणं आम्ही फोनवर पाहिलं. वस्तीतली पंधरा-वीस माणसं जमली होती, खीर झाली होती, विहाराच्या कमिटीनं प्रेमानंदला शाल दिली होती. केस काढताना दीक्षाचा चेहरा इतका शांत होता की मला, का कोण जाणे, दवाखाना आठवला. मागे लाल कापडावर सोनेरी दोन मोठी अक्षरं होती. त्यातलं दुसरं प्रेमानंदनं ओळखलं. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना बोट दाखवून सांगू लागला की ते बघा, ती चिया आहे, ते माझं अक्षर आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी सुभद्रा विहारात गेली होती. मी आणि तोच होतो. दीक्षा पडद्यावर आली, गोल डोकं, मोठे कान. तिचे कान इतके मोठे आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. प्रेमानंदनं तिला विचारलं, "आपली चिया तं ओळखली मी. तिच्या आधी काय लिहिलं होतं?"

"छू," ती म्हणाली. "बाहेर निघनं. छू-चिया. घर सोडून निघून जानं. इकडे चीवर घेन्याले हाच शब्द आहे, बाबा."

"मंग हुइ-चिया कधी?"

पडद्यावर ती हललीच नाही. त्याला वाटलं नेटवर्क गेलं. त्यानं फोन हलवला. मला कळलं होतं. आजाऱ्याच्या नातेवाइकाला जे मी कितीदा सांगितलं, ते सांगायच्या आधी माणसाचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे.

"बाबा, इकडे हे शिबिर नसते. हे जिंदगीभराचं आहे. तुमीच तं परवानगी देली."

"मले वाटलं शिबिर आहे," प्रेमानंद म्हणाला.

ती रडली. श्रामणेरी झाल्यावर रडायचं नसतं की काय कोण जाणे, चीवराच्या बाहीनं तिनं झटकन डोळे पुसले. तिला खरंच वाटलं होतं की बापाला कळलं आहे, आईला कळलं आहे, वाकून नमस्कार केला तेव्हा सगळ्यांनाच कळलं आहे. मराठीत तिच्याकडे 'श्रामणेरी'शिवाय दुसरा शब्दच नव्हता. मग त्यानं विचारलं की तुला तिथं कोणी जबरदस्ती केली का. ती नाही म्हणाली. म्हणाली, मले इथं बरं वाटते, बाबा.

कोणी दुष्ट असतं तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी वाटलं. पोलिसात जाता आलं असतं, भांडता आलं असतं. पण इथं पोरगी सुखी, विहार चांगलं, परवानगी रीतसर, आणि गळ्यात वस्तीनं घातलेली शाल. शब्द मागे घ्यायचा तर कोणासमोर घ्यायचा? आणि घेतला तरी ती येणार होती का? नाही. ते त्याला माहीत होतं.

त्यानं सुभद्राला सांगितलं नाही. मी त्याला म्हटलं, आजच सांगा, उशीर होईल तसं जड जाईल. तो म्हणाला, "सिस्टर, तिले मी काय सांगू? का तुह्या पोरीले मी हो म्हनून देऊन टाकलं?" तू पण मान हलवली होतीस, असं तिला म्हणता आलं असतं. पण तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढं त्यानं एक मूर्खपणा केला. दीक्षाला खोटंच सांगितलं की आईचा बीपी फार वाढला, डॉक्टर काळजीत आहेत. त्याला वाटलं, ती धावत येईल. दोन दिवसांनी फोटो आला. मोठ्या सभागृहात रांगेनं भिक्षुणी बसलेल्या, समोर बुद्धमूर्ती, आणि एका पिवळ्या कागदावर सुभद्राचं नाव. तिच्यासाठी सगळ्यांनी सूत्रांचा पाठ केला होता. तो फोटो त्यानं मला दाखवला. माझा राग अनावर झाला. सुभद्राचा बीपी दर आठवड्याला मी मोजते, माझ्यापेक्षा चांगला आहे. धडधाकट बाईला आजारी पाडून काय मिळवलं, असं मी त्याला विचारलं.

इकडे सुभद्रा दर रविवारी पडद्यावर केस शोधायची. केस आले का वं, हा तिचा पहिला प्रश्न. दीक्षा उत्तर द्यायच्या आत प्रेमानंद मध्ये पडायचा. तिकडचं शिबिर मोठं असते, मग परीक्षेनंतर, मग व्हिसा अडकला. दीक्षाला वाटायचं, बाबा आईला हळूहळू समजावून राहिले. म्हणून तीही गप्प बसायची. असं वर्ष गेलं. दारावरचं अक्षर उन्हानं फिकं झालं, पण त्यानं त्यावर पुन्हा ब्रश फिरवला नाही. गल्लीत कोणी हुआ-चिया म्हणून हाक मारली तर तो ओ देईनासा झाला. मग मीही सोडून दिलं.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्या विहाराच्या भिक्षुणी नागपूरला येणार आणि त्यात दीक्षाही, असा निरोप आला. एका दुपारी त्या आमच्या गल्लीत भोजनदानाला येतील. सुभद्रा इतवारीला जाऊन आकाशी रंगाचं कापड घेऊन आली. दीक्षाचा जुना कुर्ता मापाला घेतला आणि पंजाबी ड्रेस शिवायला बसली. भिंतीपलीकडून मला मशीन ऐकू यायचं, एकसारखं, न अडखळता. मी प्रेमानंदला गाठून म्हटलं, ती कशासाठी शिवते आहे कळतंय का तुम्हाला. तो म्हणाला, हो. एवढंच बोलून तो बुटीबोरीच्या बसला गेला.

त्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गर्दीनं रस्ते तुंबलेले होते, तरी त्या वेळेवर आल्या. बारा वाजायच्या आत जेवण व्हायला हवं होतं. कांदा नाही, लसूण नाही. सुभद्रानं आयुष्यात पहिल्यांदा लसणाशिवाय पाटोडीचा रस्सा केला आणि चांगला केला. दीक्षा इतर भिक्षुणींच्या रांगेत खाली नजर ठेवून बसली. प्रेमानंद पाया पडला, सुभद्रा पाया पडली. सुभद्रा वाकली तेव्हा दीक्षा जराशी सरकली. तिकडे आईवडिलांचा नमस्कार घेत नाहीत म्हणे. सुभद्रा म्हणाली, राहू दे वं, चीवराले करून राहिली.

जेवण झाल्यावर दानाचं ताट आलं. साबण, टॉवेल, उदबत्त्या, फळं. इतर भिक्षुणींचं झाल्यावर सुभद्रानं दीक्षासमोर ताट धरलं, त्यात घडी घातलेला आकाशी ड्रेस होता. दीक्षानं त्यावर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथंच राहिला.

"आई, हे मले घालता नाई येत."

"आता नाई वं. घरी वापस येशीन तवा."

दीक्षानं आईकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं. शेजारच्या वयस्क भिक्षुणींनी काहीतरी विचारलं, तिनं हळू आवाजात उत्तर दिलं. त्या उठल्या आणि सुभद्रासमोर खूप वेळ वाकून राहिल्या, मागच्या वेळी फोनमध्ये वाकल्या होत्या तशाच. या वेळी सुभद्रा त्यांच्याकडे नीट बघत होती. कमी बोलणारी बाई आहे, पण मंद नाही. तिनं ताट बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि दीक्षाच्या पुन्हा पाया पडली. या वेळी दीक्षा सरकली नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. त्या गेल्या. वस्तीतली माणसं दारापर्यंत पोचवून आपापल्या घरी पांगली. मी भांडी आवरायला थांबले होते. सुभद्रा शिलाईच्या मशीनजवळ जाऊन बसली. ड्रेस तिच्या मांडीवर होता.

"तुमाले माहीत होतं?" तिनं प्रेमानंदला विचारलं.

त्यानं मान हलवली.

"कधीपासून?"

"तिचे केस काढले त्या हप्त्यापासून."

सुभद्रानं ड्रेसची बाही उलटून पाहिली, आतली शिवण बोटानं चाचपली.

"मंग मले हे शिवू काहून देलं?"

प्रेमानंद खाली बसला आणि भिक्षुणींची उष्टी ताटं एकात एक घालू लागला.